व्हर्लन पिंकहॅमचा पहिला कर

अमेरिकेतल्या मेन राज्यात, टिबेट्स कॉर्नर नावाच्या गावात, व्हर्लन पिंकहॅमला दोन गोष्टींचा अभिमान होता. एक म्हणजे, त्यानं दुरुस्त केलेलं यंत्र त्याच दुखण्यासाठी पुन्हा कधी परत येत नसे. आणि दुसरी म्हणजे, शाळेच्या बसगाड्यांच्या गॅरेजमधून निवृत्त झाल्यापासून गेली बारा वर्षं त्यानं वॉशिंग्टनला एक सेंटही कर दिला नव्हता. पहिल्या गोष्टीबद्दल तो चकार शब्द काढत नसे. दुसरी मात्र रोज सकाळी दुकानातल्या कॉफीच्या काउंटरवर, ऐकणाऱ्याची इच्छा असो वा नसो, नव्यानं सांगे.

"रोख घ्यायचे, खिशात घालायचे आणि तोंड बंद ठेवायचं," तो म्हणे. एवढं सांगून झालं की तोंड बंद ठेवायचं सोडून तेच पुन्हा पहिल्यापासून सुरू करी.

गावात रोखीनं काम करणारा काही तो एकटाच नव्हता. बर्ली जळाऊ लाकडं विकायचा, कुणी स्वयंपाकघरात बायकांचे केस कापायचं, कुणी रस्त्यावरचा बर्फ लोटायचं. पण या सगळ्यांनी व्हर्लनला आपला म्होरक्या मानलं होतं. त्याच्या कोठारात बर्फ उडवायची यंत्रं, बोटींची इंजिनं, लाकूड कापायच्या यांत्रिक करवती यांची बारा महिने रांग असे. एवढ्या कामाचे पैसे जात कुठे असतील, याचे अंदाज करण्यात लोकांचा हिवाळा बरा जाई. कुणी म्हणे जमिनीत पुरलेत, कुणी म्हणे कॅनडात ठेवलेत. व्हर्लन नुसता हसे आणि टोपी जरा तिरपी करी. त्याला त्या अफवाही आवडत.

आता या माणसाच्या घरात हीट पंप, म्हणजे घर गरम ठेवणारं विजेचं यंत्र, कसा आला, ते सांगितलं पाहिजे. मेनमधली माणसं घर उबदार ठेवण्यासाठी पैसा सोडून बाकी सगळं खर्च करतात. व्हर्लनही दर ऑक्टोबरात घराच्या पायाभोवती देवदाराच्या फांद्या रचायचा, खिडक्यांना प्लास्टिक चिकटवायचा आणि सहा गाड्या लाकडं फोडायचा. पण चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्याच्या कंबरेनं हात वर केले, आणि शेगडीच्या धुरानं बायकोचा, आर्विलाचा, खोकला हटेना. त्यात कुठल्याशा छापील पत्रकात त्यानं वाचलं, की हीट पंप बसवला तर खर्चाच्या तीस टक्के, कमाल दोन हजार डॉलर, कराच्या सवलतीत मिळतात. त्याचे डोळे चमकले. ज्या सरकारला आपण बारा वर्षं काही दिलं नाही, तेच आता आपल्याला दोन हजार देणार! याहून गोड गोष्ट त्यानं जन्मात ऐकली नव्हती.

पंपाची किंमत होती सहा हजार आठशे. बँकेत होते चार हजार आठशे. उरलेले दोन हजार आर्विलाचे होते, आणि ते काही साधे दोन हजार नव्हते. तिची थोरली बहीण विनोना अ‍ॅरिझोनात राहायची. त्र्याऐंशी वर्षांची झाली होती आणि तिच्या डोळ्यांतला उजेड महिन्यामहिन्यानं कमी होत होता. दोघी नऊ वर्षांत भेटल्या नव्हत्या. दर रविवारी फोनवर विनोना म्हणायची, "अगं, तुझं तोंड एकदा नीट बघू दे मला, आहेत डोळे तोवर." गोधड्या शिवून शिवून आर्विलानं विमानाचे आणि तिथल्या राहण्याखाण्याचे पैसे जमवले होते.

"एप्रिलमध्ये परत मिळतील," व्हर्लन म्हणाला. "सरकारी पैसा आहे. मे महिन्यात तू विमानात बसशील."

"शब्द?"

"शब्द!"

सप्टेंबरात भिंतीवर पांढरी पेटी लागली, बाहेर पंखा घुमू लागला आणि त्या हिवाळ्यात आर्विला पहिल्यांदा स्वेटर न घालता जेवायला बसली. व्हर्लननं पावती बायबलमध्ये घालून ठेवली. बायबल त्या घरात कुणी उघडत नसल्यामुळे ती तिथे सुरक्षित होती.

फेब्रुवारीत, दर मंगळवारी, गावच्या वाचनालयाच्या मागल्या खोलीत थर्झा लेटन म्हाताऱ्याकोताऱ्यांचे कराचे कागद फुकट भरून देई. अडतीस वर्षं तिनं गावाला गणित शिकवलं होतं. व्हर्लनच्या वर्गातली असूनही तोही तिला बाई म्हणे, कारण त्याच्या पोराला तिनं दोनदा नापास केलं होतं. दर वर्षी व्हर्लन पेन्शनचे दोन कागद पुढे सरकवी, थर्झा विचारी, "इतर काही उत्पन्न?" तो आढ्याकडे बघत म्हणे, "देवाची कृपा." चार मिनिटांत काम उरकायचं.

या वेळी तो नवा सदरा घालून आला होता. पावती टेबलावर आपटून म्हणाला, "हे घ्या बाई. हीट पंप. माझे दोन हजार काढा. मी सगळं वाचलंय."

"सगळं? मग दुसरी ओळही वाचली असशील."

"दुसरी कुठली?"

"ही सवलत करातून वजा होते. तुझा कर किती?"

"शून्य!" व्हर्लन रांगेतल्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला.

"शून्यातून दोन हजार गेले, राहिले किती?"

"उणे दोन हजार. म्हणजे वॉशिंग्टन मला तेवढं देणं लागतं. तुम्हीच तर शिकवता हे."

"शाळेत उणे दोन हजार. या कागदावर शून्य. ज्याला कर लागतो त्यालाच सवलत मिळते रे. आणि पुढल्या वर्षावर ढकलता येत नाही. या वर्षी वापरली नाही, तर गेली."

व्हर्लनचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. विनोनाचे डोळे, आर्विलाला दिलेला शब्द, सगळं त्याच्या पुढ्यात उभं राहिलं. मग खुर्ची पुढे ओढून खालच्या आवाजात म्हणाला, "म्हणजे बाई, मला आधी कर लागला असता तर…"

"तर मिळाली असती."

"मग लावा." त्यानं टोपी काढली. "इतर उत्पन्न आहे माझं."

थर्झानं हातातलं पेन खाली ठेवलं. रांगेतली खोकणारी माणसं खोकायची थांबली.

"किती?"

"भरपूर."

"भरपूर असा रकाना नाही व्हर्लन. यादी करून आण. कुणाकडून, किती, कधी."

बातमी त्याच्या आधी दुकानात पोचली. दुसऱ्या दिवशी काउंटरवर त्याला कुणी जागा देईना.

"तू माझं नाव लिहिणार?" बर्लीनं विचारलं. "माझी करवत दुरुस्त केलीस ते? आज तुझी यादी गेली, उद्या माझ्या लाकडांची चौकशी येईल! बारा वर्षं आम्हाला शहाणपण शिकवलंस आणि आता स्वतःच जाऊन सरकारच्या पाया पडतोस?"

"मला बायकोला अ‍ॅरिझोनाला पाठवायचंय."

"मग गाडीत घालून सोडून ये की! आम्हाला कशाला तुरुंगात पाठवतोस?"

पण व्हर्लन हटला नाही. आठवडाभर तो बर्फातून दारोदार फिरला. दार उघडलं की टोपी काढून एकच प्रश्न विचारी, "गेल्या वर्षी मी तुमच्याकडून किती घेतले?" आणि मग तिथेच गोंधळाला सुरुवात झाली.

"घेतले? तू म्हणालास, राहू दे."

"मी पन्नास पुढे केले, तू वीस घेतलेस."

"तुला मेपलच्या पाकाच्या दोन बाटल्या दिल्या की."

"ट्राउट मासे दिले होते, चार. एक लहान होता, त्याबद्दल माफ कर."

केस कापणाऱ्या बाईनं तर त्याच्या अंगावर खेकसून सांगितलं, की तिनं पैसे देऊ केले तेव्हा तो इंजिनात डोकं घालून असा काही बहिरा झाला, की तिला शेवटी पाकीट मिटावं लागलं. व्हर्लन प्रत्येक घरातून जरा जास्त वाकून बाहेर पडत होता. आपण पंधरा-वीस हजारांचे धनी आहोत अशा थाटात तो निघाला होता. यादी पुरी झाली तेव्हा तिच्यात एक हजार नऊशे चाळीस डॉलर होते.

थर्झानं यादी वाचली. मग सुटे भाग कितीचे आणले, पेट्रोल किती लागलं, सगळं एकेक करून विचारलं. बेरीज-वजाबाकी झाल्यावर तिनं चष्मा काढला.

"तीनशे बारा."

"हजार?"

"डॉलर, व्हर्लन. नुसते तीनशे बारा. धंद्यातल्या चारशेच्या आतल्या कमाईवर कुठलाच कर लागत नाही. कर शून्य, सवलत शून्य."

"आणि मागची बारा वर्षं?"

"मागं काय वेगळं करत होतास तू? त्या वर्षांतही एवढंच असणार." थर्झाचा आवाज एरवी खडूसारखा कोरडा असे, तो जरा मऊ झाला. "तू कुणाला फसवलं नाहीस रे. फसवण्याइतकं तुझ्याकडे कधी नव्हतंच."

त्याला वाईट वाटलं, आणि ते उघड दिसत होतं. चोर म्हणून पकडला गेला असता तर त्यानं मान ताठ ठेवली असती. पण आपण बारा वर्षं प्रामाणिक होतो, हे भर वाचनालयात सिद्ध झाल्यावर तोंड कुठे लपवायचं ते त्याला कळेना. बर्लीनं दुसऱ्या दिवशी काउंटरवर त्याला जागा दिली, वर कॉफी पाजली, आणि "या संतमहाराज" म्हणून हाक मारली. ती कॉफी त्याला कडू लागली.

आर्विलाला सांगणं यापेक्षा अवघड होतं. ती बटाटे सोलत होती. त्यानं उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

तिनं हातातला बटाटा पुरा सोलला. मग म्हणाली, "बारा वर्षं मला वाटायचं, माझा नवरा कर बुडवतो. प्रार्थनेला गेले की मला लाज वाटायची. आज कळलं, तू पैसेच घेत नाहीस. अरे म्हाताऱ्या, आता जास्त लाज वाटतेय!"

"दोन हजारांचं काय करू मी?"

"कमव," ती म्हणाली. "विनोनाला मी ऑक्टोबरात येते म्हणून सांगणार आहे. हिवाळ्याच्या आत. पुढच्या वर्षी तिला माझा नुसता आवाज ओळखावा लागेल, ते मला नकोय." आणि इतका वेळ न रडलेली आर्विला त्या बटाट्यांवर रडली.

दुसऱ्याच दिवशी कोठाराच्या दारावर तिच्या अक्षरातली पाटी लागली. बर्फाचं यंत्र पंच्याऐंशी डॉलर, करवत चाळीस, बोटीचं इंजिन एकशे वीस. उधारी नाही, मासे नाहीत, पाक नाही. खिडकीत कॉफीचा रिकामा डबा ठेवला आणि एक वही. रोज संध्याकाळी जेवणाआधी व्हर्लननं गिऱ्हाइकाचं नाव आणि आकडा सांगायचा, तिनं लिहायचा, पैसे डब्यात टाकायचे.

पहिल्या दिवशी शेजारच्या रस्त्यावरची विधवा बाई बर्फाचं यंत्र घेऊन आली. काम झालं. तिनं पाटी वाचली आणि पर्स उघडली. पर्समध्ये काय होतं ते व्हर्लनला दिसलं. त्यानं तोंड उघडलं. पंच्याऐंशी म्हणायचं होतं, मनात शब्द तयार होता, ओठांपर्यंत आलाही होता. बाहेर पडलं ते "राहू दे."

"पाटी?" बाईनं विचारलं.

"ती बाहेरगावच्या लोकांसाठी आहे."

संध्याकाळी आर्विलानं वही उघडली. "किती?"

"पंच्याऐंशी," व्हर्लन म्हणाला, आणि मासेमारीच्या नव्या काठीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून पंच्याऐंशी डब्यात टाकले.

असं आठवडाभर चाललं आणि काठी संपली. काही लोक खरंच पैसे देत, नाही असं नाही. उन्हाळी बंगल्यांत येणाऱ्या बॉस्टनकरांकडून तर तो पाटीपेक्षा दहा जास्त घेई आणि त्याचं त्याला काहीच वाटत नसे. पण गावातलं माणूस समोर आलं की त्याची जीभ टाळूला चिकटे. शेवटी एप्रिलमध्ये, शेवटचा बर्फ वितळता वितळता, त्यानं बर्फावर पळणारी आपली स्नोमोबाइल दोन गावं पलीकडच्या माणसाला विकली. त्या गाडीवर बसून तो हिवाळ्यात गोठलेल्या तळ्याच्या पलीकडे जायचा. ती त्याची एवढी एकच ऐष होती. दोन हजार तीनशे आले. आर्विलाला सांगितलं, "बर्लीच्या शेडमध्ये ठेवलीय, इथे जागा अडते."

हे फक्त बर्लीला माहीत होतं, आणि त्याला हसू आवरत नव्हतं.

"म्हणजे तूच गिऱ्हाईक आणि तूच कारागीर! स्वतःला पावती देतोस की नाही?"

"तोंड बंद ठेव."

"रोख घ्यायचे, खिशात घालायचे… तुझं उलटंच चाललंय रे. खिशातले काढायचे आणि डब्यात घालायचे!"

स्नोमोबाइल उन्हाळाभर थोडी थोडी करून डब्यात गेली. चाळीस इथे, एकशे वीस तिथे. व्हर्लननं ते इतक्या बेतानं केलं, की इंजिन दुरुस्त करतानाही त्यानं इतका विचार कधी केला नसेल. सप्टेंबरच्या शेवटी आर्विलानं डबा पलंगावर ओतला, दोनदा मोजला आणि तिकीट काढलं. ऑक्टोबरात व्हर्लननं तिला बँगोरच्या विमानतळावर सोडलं. ती आत जाईपर्यंत तो उभा राहिला, मग दिसेनाशी झाल्यावरही पंधरा मिनिटं उभा राहिला.

तीन आठवड्यांनी ती उन्हानं तांबूस होऊन परत आली. "विनोनानं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं," ती सांगू लागली, "खिडकीपाशी नेलं, अगदी नाकाला नाक लावून बघितलं, आणि म्हणाली, काय गं, म्हातारी झालीस!" हे सांगताना ती हसत होती आणि डोळे पुसत होती. व्हर्लनला वाटलं, दहा स्नोमोबाइली असत्या तर दहाही विकल्या असत्या.

मग पुन्हा फेब्रुवारी आला, आणि पुन्हा मंगळवार. या वेळी दोघांच्या सह्या लागणार म्हणून आर्विलाही आली होती. भिंतीजवळच्या खुर्चीत बसून ती रांगेतल्या लोकांना निवडुंगाशेजारी उभ्या असलेल्या दोन म्हाताऱ्यांचे फोटो दाखवत होती. थर्झा वही उलटत होती. हिशेब बसला तेव्हा धंद्याचे दोन हजार आठशे उरले आणि त्यावर तीनशे शहाण्णव डॉलर कर निघाला.

"अभिनंदन," थर्झा म्हणाली. "तुझा पहिला."

"भरतो," व्हर्लन म्हणाला आणि घाईघाईनं चेकबुक काढलं.

पण थर्झाचं बोट जुलैच्या पानावर थांबलं होतं. "हे काय? लेटन, गवत कापायचं यंत्र, साठ डॉलर." तिनं मान वर केली. "मी तुला शेंगांच्या लोणच्याच्या दोन बरण्या दिल्या होत्या."

"हळू बोला बाई."

"आणि माझ्या शेजारणीनं काहीच दिलं नाही, ती अजून सांगत असते. इथे ऐंशी लिहिलेत. व्हर्लन, ही वही खोटी आहे!"

"खोटी असली तरी कर खरा आहे ना? मग घ्या की." तो गयावया करत होता. "न मिळालेल्या पैशाचा कर भरायला माझी हरकत नाही. तिला कळता कामा नये, बस."

थर्झानं वही मिटली. "बारा वर्षं मी तुला विचारत आले, काही लपवलंस का," ती म्हणाली. "काही वाढवलंस का, असा प्रश्न या कागदावर नाहीच." आणि तिनं कागद सहीसाठी फिरवला.

व्हर्लननं सही केली. आर्विला उठून आली, चष्मा लावून आकडा वाचला, पेन घेतलं आणि आपलं नाव सावकाश, पूर्ण लिहिलं. मग थर्झाला म्हणाली, पण खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात, "आयुष्यभर सरकारला फसवतो म्हणून सांगत फिरला. फसवायला जमलं ते एकदाच, आणि तेही उलट्या बाजूनं."

व्हर्लनच्या हातातलं चेकबुक तसंच राहिलं. "तुला माहीत होतं?"

"एप्रिलपासून. गाडी बर्लीकडे ठेवलीस म्हणतोस आणि तिची ताडपत्री आपल्या लाकडांवर टाकतोस?"

"मग बोलली का नाहीस?"

"मला जायचं होतं," आर्विला म्हणाली.